आधी पाणी, मग मासे : घरच्या घरी प्रवाळ मत्स्यालय उभारताना

प्रतिनिधी

मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये फिशटँक ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. गप्पी, गोल्डफिश, एंजल आणि वास्तुशास्त्राच्या नावाने खपणारा अरोवाना यांनी दिवाणखान्यातील आपली जागा केव्हाच पक्की केली आहे. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाउनफिश बच्चेकंपनीचा लाडका झाला. मात्र हा मासा गोड्या पाण्यात जगत नाही. तो घरी आणायचा, तर त्याच्यासाठी समुद्रही घरी आणावा लागतो. नेमके येथेच अनेकांचे गणित चुकते. टँक, मीठ, मासे आणि प्रवाळ ही सारी खरेदी एकाच रविवारी उरकली जाते, सोमवारी शेजारीपाजारी कौतुकाने पाहून जातात आणि पंधरवड्यात एकेक जीव तळाशी जाऊ लागतो. महिन्याभरात रिकामा टँक माळ्यावर पोहोचतो आणि 'खाऱ्या पाण्याचे मासे घरात जगतच नाहीत' असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष खरा नाही. खाऱ्या पाण्याचे छोटे मत्स्यालय घरात वर्षानुवर्षे उत्तम चालू शकते. त्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. या छंदात मासे पाळण्याआधी पाणी राखावे लागते. पाणी स्थिर असेल, तर त्यातील जीव जगतात. पाणी अस्थिर असेल, तर महागडी उपकरणेही त्यांना वाचवू शकत नाहीत. त्यातही आपल्या देशात प्रवाळांना कायद्याचे कडक संरक्षण आहे. त्यामुळे काय आणावे याइतकेच काय आणू नये, हेही पहिल्याच दिवशी ठाऊक असणे आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो?

प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ते प्राणी आहेत. भित्ती रचणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत ही प्रवाळे आहेत. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, अनुसूचींची फेरमांडणी झाली, परंतु प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास, तसेच किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. हे संरक्षण केवळ जिवंत प्रवाळांपुरते नाही. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही कायद्याच्या कक्षेत येतो. सहलीहून शोभेसाठी आणलेला पांढरा प्रवाळ काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यावी.

हा कायदा किती गांभीर्याने लागू होतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या काही छोट्या वसाहती आड येत होत्या. २०२० मध्ये त्या वन विभागाची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे हलवाव्या लागल्या. हाताच्या पंजात मावतील एवढ्या वसाहतींसाठी महापालिकेलाही ही सारी प्रक्रिया पार पाडावी लागली. मग मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या सहलीतून परतताना पिशवीत टाकलेल्या 'आठवणी'ची कायदा गय कशी करील?

अर्थात, यामुळे छंदाची दारे बंद होत नाहीत. डिस्कोसोमा, अर्थात छत्रीच्या आकाराचे मश्रूम प्रवाळ, कातड्यासारखे दिसणारे सार्कोफायटन, फुलांच्या ताटव्यासारखे पसरणारे झोअँथिड हे मऊ देहाचे जीव पहिल्या अनुसूचीत नाहीत. सुदैवाची गोष्ट अशी की, नवख्या माणसासाठी हेच जीव सर्वाधिक योग्य आहेत. कठीण प्रवाळांना तीव्र प्रकाश आणि कॅल्शियमचा काटेकोर पुरवठा लागतो. मऊ प्रवाळे बरीच सोशिक असतात. खरेदी करताना पावती अवश्य घ्यावी आणि माल आयात केलेला आहे की टँकमध्ये वाढविलेला, याची चौकशी करावी. 'सगळे जण घेतात' हे उत्तर पुरेसे समजू नये.

छोटा टँक, मोठी जबाबदारी

'सुरुवात आहे, तेव्हा छोटाच टँक घेऊ,' हा विचार व्यवहारी वाटतो, पण खाऱ्या पाण्यात तो उलटतो. पाणी जितके कमी, तितके त्यातील बदल वेगवान. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मात्र टँकमध्येच राहतात. समजा, २५ लिटरच्या टँकमधून रोज एक लिटर पाणी उडाले आणि घरची मंडळी तीन दिवस गावाला गेली. परत येईपर्यंत क्षारता ३५ वरून जवळजवळ ४० वर गेलेली असते. तेवढेच पाणी ८० लिटरच्या टँकमधून उडाले, तर क्षारता जेमतेम ३६ च्या पुढे सरकते. पहिल्या टँकमधील जिवांवर संकट ओढवलेले असते. दुसऱ्या टँकमधील जिवांना फारसा फरक जाणवलेला नसतो.

म्हणून नवख्याने साधारण ८० ते १०० लिटरचा टँक निवडावा. ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच टँक ९६ लिटरचा होतो. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात ७५ ते ८० लिटर पाणी राहते. मात्र या टँकचे स्टँडसह एकूण वजन सव्वाशे ते दीडशे किलो भरते. तो टीव्हीच्या शोकेसवर किंवा प्लायवूडच्या टेबलावर ठेवणे धोक्याचे आहे. लोखंडी किंवा भक्कम लाकडी स्टँड, त्यावर सपाट फळी आणि काचेखाली थर्मोकोलचा पातळ थर असावा. जागा भिंतीलगत, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर आणि विजेच्या बोर्डाजवळ निवडावी. विजेची प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी बोर्डात न शिरता खाली ठिबकते. गळती विद्युतप्रवाह तोडणारा स्विच बसविलेला नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडून तो आधी बसवून घ्यावा.

नळाचे पाणी नको, चौपाटीचेही नको

मुंबईकरांच्या मनात हमखास येणारा प्रश्न म्हणजे समुद्र दाराशी असताना पाणी विकत कशाला घ्यायचे? शहरालगतच्या समुद्रात गाळ आणि सांडपाणी मिसळलेले असते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्यामुळे किनाऱ्याजवळची क्षारताही घसरते. असे पाणी बंदिस्त टँकमध्ये भरणे म्हणजे आजाराला आमंत्रण. नळाचे पाणी माणसांसाठी शुद्ध असले, तरी त्यात क्लोरीन असते आणि नायट्रेट, फॉस्फेट, तांबे यांचे अंशही असू शकतात. तांब्याची अत्यल्प मात्राही कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना घातक ठरते.

त्यासाठी आरओ यंत्रातून काढून पुढे डीआयोनायझेशनच्या, म्हणजे डीआयच्या नळकांड्यातून नेलेले पाणी वापरावे. टीडीएस मीटरवर या पाण्याचे वाचन शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ यायला हवे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र येथे थेट उपयोगी पडत नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे क्षार मुद्दाम राखले किंवा मिसळले जातात.

या शुद्ध पाण्यात सागरी मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठ घालायचे. स्वयंपाकाचे, आयोडिनयुक्त किंवा सैंधव मीठ चालत नाही. कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांचे ठरावीक प्रमाण असते. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ८० लिटरला सुमारे तीन किलो मीठ लागते. मीठ वेगळ्या, अन्नासाठी योग्य अशा प्लास्टिकच्या पिंपात मिसळावे आणि छोटा पंप लावून पाणी रात्रभर फिरत ठेवावे. जीव असलेल्या टँकमध्ये कोरडे मीठ कधीही टाकू नये. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने मोजून विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असल्याची खात्री करावी. काट्याचे स्वस्त हायड्रोमीटर अनेकदा चुकीचे आकडे दाखवितात, म्हणून या एका उपकरणावर काटकसर करू नये.

दिसत नाहीत ते पहिले रहिवासी

टँकमध्ये सर्वांत आधी यायला हवेत ते जिवाणू. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.४ च्या आसपास असल्याने तेथे अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. निसर्गात एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या नत्रचक्राची घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी आणलेले मासे पंधरवड्यात का मरतात, त्याचे उत्तर येथे आहे. त्यांच्या टँकमध्ये पाणी असते, पण ते शुद्ध करणारे सफाई कामगार अजून कामावर रुजू झालेले नसतात.

'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ करणारे ब्रिटिश निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्येच आपल्या ग्रंथातून घरगुती सागरी मत्स्यालयाची ओळख करून दिली. परंतु प्रवाळ घरी दीर्घकाळ जगविण्याची दिशा मिळाली ती १९६१ मध्ये. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर प्रवाळ जगविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. त्या खडकांच्या छिद्रांमध्ये वस्ती करणारे जिवाणू हीच त्यामागची शक्ती होती. पुढे जगभर याच 'लाइव्ह रॉक'चा वापर होऊ लागला.

भारतात मात्र येथे एक वेगळी अडचण येते. लाइव्ह रॉक म्हणजे बव्हंशी जुन्या प्रवाळांचे सांगाडे. ते समुद्रातून काढणे कायद्यात बसत नाही. म्हणून सिरॅमिकचा किंवा सिमेंटपासून बनविलेला सच्छिद्र कृत्रिम खडक वापरावा लागतो. सिमेंटचा खडक वापरल्यास तो काही आठवडे गोड्या पाण्यात भिजत ठेवून, पाणी वारंवार बदलून त्यातील चुना उतरवून घ्यावा. ८० लिटरसाठी आठ ते दहा किलो खडक आणि दोन ते चार सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर पुरेसा होतो. असा खडक कोरा असतो. त्यात जिवाणूंची वस्ती बाहेरून करवावी लागते आणि म्हणून आपल्याकडील छंदिष्टाला परदेशातील छंदिष्टापेक्षा थोडा अधिक धीर धरावा लागतो.

जिवाणूंचे तयार द्रावण बाटलीत मिळते. ते टाकावे आणि त्यांना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइडची मोजकी मात्रा किंवा चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. जिवंत मासा टाकून चक्र सुरू करण्याची जुनी पद्धत क्रूर आहे आणि अनावश्यकही. चाचणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे. आधी अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढतो व उतरतो आणि शेवटी नायट्रेट दिसू लागतो. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टँक तयार झाला असे समजावे. त्यानंतर पाण्याचा मोठा भाग बदलून नायट्रेट खाली आणावे. याच काळात काचेवर व वाळूवर तपकिरी आणि नंतर हिरवे शैवाल पसरते. टँक बिघडला असे समजून तो रिकामा करू नये. नव्या टँकमधील ती स्वाभाविक अवस्था असते.

उन्हाळा आणि वीज

पाश्चात्त्य पुस्तकांत हीटरवर पानेच्या पाने खर्ची पडतात. महाराष्ट्रात खरा प्रश्न उष्णतेचा आहे. प्रवाळ टँकसाठी २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतील बंद खोली सहज ३२ अंशांच्या पुढे जाते. त्यात पंप आणि दिवे यांची उष्णता मिसळते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, तर माशांची प्राणवायूची गरज वाढते.

प्रवाळांचे दुखणे याहून वेगळे आहे. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमान प्रवाळाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभरानेही काही आठवडे अधिक तापत राहिले, तरी हे सहजीवन मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीप व मन्नारच्या आखातातील प्रवाळांवर हे संकट येऊन गेले. एप्रिल २०२४ मध्ये तर प्रवाळांच्या विरंजनाची चौथी जागतिक लाट आल्याचे अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाने जाहीर केले. महासागरात जे घडायला आठवडे लागतात, ते ८० लिटरच्या टँकमध्ये पंखा बंद पडलेल्या दोन-तीन दुपारींत घडू शकते.

पाण्याच्या पृष्ठभागावर झोत सोडणारे छोटे पंखे बाष्पीभवनाद्वारे तापमान दोन ते तीन अंशांनी उतरवू शकतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत ते चांगले काम देतात; मुंबईच्या दमट हवेत त्यांचा प्रभाव घटतो. ज्या घरात दिवसभर वातानुकूलन नसते, तेथे चिलर घ्यावाच लागतो. चिलरची किंमत अनेकदा टँकच्या किमतीहून जास्त असते. हा खर्च आधीच हिशेबात धरावा. तो झेपणार नसेल, तर गोड्या पाण्याचा सुंदर टँक ठेवणे अधिक शहाणपणाचे. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात मात्र थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर लागतो.

वीज गेल्यावर पाण्याचे अभिसरण थांबते आणि काही तासांतच प्राणवायू कमी पडू लागतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर अभिसरणाचा पंप त्यावर जोडावा. नसेल, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. मऊ प्रवाळांसाठी तासाला टँकच्या दहा ते वीस पट पाणी फिरविणारा पंप, म्हणजे ८० लिटरसाठी ८०० ते १६०० लिटर क्षमतेचा पंप योग्य ठरतो. निळा व पांढरा प्रकाश देणारा एलईडी दिवा टायमर लावून रोज आठ ते दहा तास चालवावा. जास्त प्रकाशाने प्रवाळ लवकर वाढत नाही, शैवाल मात्र लवकर वाढते.

कोण येणार, कोण नाही

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण या टप्प्यावर हटकून आठवावी. टँक तयार झाल्यावर प्रथम तीन-चार गोगलगायी आणि एक-दोन शंखवासी खेकडे सोडावेत. ते शैवाल आणि उरलेले अन्न संपवितात. दोन आठवड्यांनी एखादे मश्रूम प्रवाळ आणावे. ते रुजले, की माशांकडे वळावे. दर नव्या जिवानंतर किमान दोन आठवडे थांबावे, म्हणजे वाढलेला भार पेलण्यास जिवाणूंना वेळ मिळतो.

एवढ्या टँकला क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा छोटा गोबी पुरे. सागरी शोभिवंत माशांपैकी बहुसंख्य मासे आजही समुद्रातून पकडून आणले जातात आणि काही देशांत त्यासाठी सायनाइडचा वापर झाल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे टँकमध्ये जन्मलेला मासाच मागून घ्यावा. क्लाउनफिशच्या बाबतीत हे सहज शक्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या अनेक जातींच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे; ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने शोभिवंत सागरी माशांच्या प्रजननाचे काम हाती घेतले. असे मासे बंदिस्त जागेला आणि तयार खाद्याला सरावलेले असतात. जोडीतील एक मासा थोडा मोठा आणि एक लहान निवडावा. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो.

काही मोह मात्र टाळावेत. चित्रपटातील 'डोरी', म्हणजे ब्लू टँग, सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो. या टँकमध्ये त्याची कोंडी होते. रंगीबेरंगी मँडरिन मासा केवळ सूक्ष्म जिवंत कवचधारी खातो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. समुद्रफुलावाचून क्लाउनफिश जगत नाही, हाही गैरसमजच. समुद्रफुलाला किमान वर्षभर जुना, स्थिर टँक लागतो. ते जागा बदलत फिरते आणि पंपात अडकून मेले, तर साऱ्या पाण्याचा नाश करते.

नवा मासा थेट मुख्य टँकमध्ये सोडू नये. त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा टँकमध्ये शिरला, की त्याला घालविणे फार कठीण. त्यावरील तांब्याचे औषध प्रवाळांच्या टँकमध्ये टाकताच येत नाही. म्हणून छोट्या वेगळ्या टँकमध्ये माशाला किमान चार आठवडे ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी.

झोअँथिडबाबत एक इशारा आवश्यक आहे. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातील अतितीव्र विषांपैकी एक आढळते. हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा, जखमी हात पाण्यात घालू नये आणि असे जीव चिकटलेला खडक कधीही उकळू किंवा गरम पाण्याने घासू नये. त्या वाफेमुळे घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. लहान मुले असलेल्या घरांनी झोअँथिडऐवजी मश्रूम किंवा सार्कोफायटन निवडलेले बरे.

रोजची दहा मिनिटे

घडी बसलेल्या टँकला फार वेळ लागत नाही, परंतु खाडा चालत नाही. रोज तापमान पाहावे, मासे खातात का ते पाहावे आणि उडालेल्या पाण्याची भरपाई करावी. ही भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करावयाची, खाऱ्या पाण्याने नव्हे. कारण उडालेले असते ते केवळ पाणी. नवख्यांच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. आठवड्यातून एकदा दहा टक्के, म्हणजे आठ लिटर पाणी काढून तेवढेच ताजे, समान तापमानाचे खारे पाणी घालावे. एवढ्याने नायट्रेट आटोक्यात राहते आणि मऊ प्रवाळांना लागणारी खनिजेही भरून निघतात. गावाला जाताना शेजाऱ्यांना खाद्याच्या मोजलेल्या पुड्या द्याव्यात, डबा देऊ नये.

आणि छंद सोडावासा वाटला तर? तेव्हा हे जीव खाडीत किंवा समुद्रात सोडू नयेत. हिंद व प्रशांत महासागरांतील लायनफिश १९८० च्या दशकापासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागला. टँकमधून सुटलेल्या किंवा सोडलेल्या माशांपासून हे संकट सुरू झाले असे मानले जाते. आज पश्चिम अटलांटिकच्या मोठ्या पट्ट्यात तो स्थानिक मासे फस्त करतो आहे. असे जीव दुसऱ्या छंदिष्टाकडे किंवा दुकानदाराकडे सोपविणेच योग्य.

मालवणच्या सागरी अभयारण्यात किंवा सिंधुदुर्गापासून दूर खोल समुद्रातील आंग्रिया बँकेवर प्रवाळे कोणाच्या मदतीवाचून जगत आली आहेत. त्यांच्यासाठी तापमान, क्षारता आणि प्रकाश यांचा मेळ निसर्ग राखतो. तोच मेळ ८० लिटर पाण्यात राखण्यासाठी माणसाला मीटर, पंप, चिलर आणि रोजची शिस्त लागते. हे ध्यानात घेऊन जो पहिले दोन महिने रिकाम्या दिसणाऱ्या टँकची निगा राखेल, त्याच्याच घरी तिसऱ्या महिन्यात प्रवाळ उमलेल.

चौकट : पहिल्या तीन महिन्यांचे वेळापत्रक

पहिला आठवडा : स्टँड व टँक समतल बसविणे, खडक व वाळू रचणे, खारे पाणी भरणे, पंप व तापमान यांची चाचणी. दिवे बंद.

दुसरा ते सहावा आठवडा : जिवाणूंचे द्रावण, अमोनियाची मात्रा, दर दोन-तीन दिवसांनी चाचणी. एकही प्राणी नाही.

सातवा आठवडा : अमोनिया व नायट्राइट शून्य असल्यास मोठा पाणीबदल, दिव्यांना सुरुवात, गोगलगायी व शंखवासी खेकडे. वेगळ्या टँकमध्ये माशांचा निरीक्षणकाळ सुरू.

नववा आठवडा : पहिले मश्रूम प्रवाळ.

अकरावा आठवडा : निरीक्षणकाळ पूर्ण केलेली क्लाउनफिशची जोडी.

तेरावा आठवडा : सर्व चाचण्या समाधानकारक असल्यासच पुढील जीव.